गिअरबॉक्सचे तेल आणि आरंभीची शिलक

(मंडळाच्या विद्यार्थी मार्गदर्शन वर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हांला बोलावले तेव्हा विषय ठरला होता बँकेच्या नोकरपरीक्षांचा. त्या विषयावर आम्हांपेक्षा जाणकार माणसे या सभागृहात बसलेली आहेत. बोलता बोलता आमच्या दादांच्या गाडीची हकीकत निघाली आणि चिटणीस म्हणाले, "तुम्ही हेच सांगा." म्हणून आज एक बँक कारकून मोटारीच्या गिअरबॉक्सवर बोलायला उभा आहे. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. दहावीनंतर विज्ञानाचे पुस्तक हातात धरलेले नाही. पाना आणि पक्कड यांतला फरक कळायला आम्हांला चाळिशी गाठावी लागली. तेव्हा भाषेत कुठे यंत्रशास्त्र कमी आणि खतावणी जास्त आली, तर सांभाळून घ्यावे.

आमच्या थोरल्या बंधूंना लहानपणी पोलिओ झाला. डावा पाय तेव्हापासून अधू. ते शिक्षक आहेत. राहतात परतवाड्याला आणि शाळा वर, चिखलदऱ्याच्या बाजूला. रोज घाट चढायचा आणि उतरायचा. बरीच वर्षे त्यांनी एसटीने आणि मिळेल त्या जीपने काढली. २०१८ साली आम्ही दोघा भावांनी मिळून एक जुनी मोटार घेतली. २०११ चे मॉडेल, चार गिअरची, ऑटोमॅटिक. क्लच नाही, म्हणजे डाव्या पायाला काम नाही. ऑटोमॅटिक गाडी ही पुष्कळांना चैन वाटते. दादांच्या बाबतीत ती गाडी म्हणजे त्यांचा डावा पाय आहे.

२०२१ च्या पावसाळ्यात उजव्या चाकाच्या आतल्या बाजूने तेल ठिबकू लागले. एका गॅरेजात अ‍ॅक्सलचे सील बदलून घेतले. ठिबकणे थांबले, आम्ही विसरलो. पुढच्या फेब्रुवारीत मात्र गाडी वेगळे वागू लागली. रिव्हर्स टाकला की एक-दोन-तीन मोजेपर्यंत ती जागची हलत नसे, आणि मग धक्का देऊन हले. घाटात इंजिन ओरडायचे, पण वेग वाढायचा नाही. दादांनी तीन ठिकाणी दाखवली. पहिले म्हणाले, गिअरबॉक्स गेला, उतरवावा लागेल, साठ-सत्तर हजार धरून चाला. दुसरे म्हणाले, तेल बदलून पाहा. तिसरे म्हणाले, जुन्या गाडीचे तेल बदलाल तर गिअरबॉक्स मरेल, आणि तसेही हे तेल आयुष्यभराचे असते. गाडी घेतली होती पावणेदोन लाखांना. साठ हजारांचा आकडा ऐकून वहिनींनी शांतपणे एसटीचे वेळापत्रक काढून भिंतीला लावले.

तीन जाणकार आणि तीन मते. अशा वेळी बँकेतला माणूस एकच गोष्ट करतो, मूळ कागद काढून पाहतो. गाडीच्या खणात कंपनीने दिलेले इंग्रजी पुस्तक होते. शब्दकोश शेजारी ठेवून आम्ही ते आठवडाभर वाचले आणि जे पुस्तकात नव्हते ते इतरत्र शोधून वाचले.

विद्यार्थी मित्रहो, आधी हे यंत्र काय आहे ते पाहू. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एक चालू करा. दुसऱ्याची पाती त्या वाऱ्याने फिरू लागतील. मध्ये काही जोडलेले नाही, फक्त हवा. आता हवेच्या जागी तेल घाला, दोन्ही पंखे एका बंद डब्यात बसवा आणि त्यांच्यामध्ये तेलाची धार वळवणारी आणखी एक पात्यांची चकती ठेवा. हा झाला टॉर्क कन्व्हर्टर. एक पंखा इंजिनाला, दुसरा गिअरबॉक्सला जोडलेला. गाडी सिग्नलला उभी असते तेव्हा इंजिन चालू राहते आणि बंद पडत नाही, ते यामुळे. ही कल्पना जर्मन अभियंता हेरमान फ्योटिंगर यांची. त्यांनी १९०५ साली पेटंट घेतले ते जहाजांसाठी. मोटारीत संपूर्ण आपोआप बदलणारा गिअरबॉक्स मोठ्या प्रमाणावर आणला तो अमेरिकेच्या जनरल मोटर्सने. १९३९ मध्ये, १९४० च्या ओल्ड्समोबाइल मॉडेलसाठी, 'हायड्रामॅटिक' या नावाने. त्यात अजून टॉर्क कन्व्हर्टर नव्हता, त्याचा साधा भाऊबंद होता, पण जोर तेलातूनच पुढे जात होता.

म्हणजे या गिअरबॉक्समधले तेल हे केवळ वंगण नाही. शिवणयंत्राला आपण तेल देतो ते घासू नये म्हणून. इथे तेलाला चार नोकऱ्या आहेत. इंजिनाचा जोर तेच पुढे नेते. पंपाच्या दाबाने आतले क्लच तेच आवळते, कारण या गाडीत क्लच नसतो असे आपण म्हणतो तरी आत क्लचच्या चकत्या असतातच, फक्त त्या पायाऐवजी तेल दाबते. दातचक्रांना वंगण तेच देते आणि तयार होणारी उष्णता तेच बाहेर वाहून नेते. शिवाय एक नाजूक जबाबदारी आहे. चकत्या एकमेकींना धरताना किती घसरावे आणि किती पकडावे हेही या तेलातल्या रसायनांवर ठरते. फार निसरडे झाले तर चकत्या घसरून जळतात, कमी निसरडे झाले तर गाडी थरथरते. म्हणूनच कोणत्याही डब्यातले तेल चालत नाही, पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचेच लागते. जुन्या काळी हा गुण आणण्यासाठी स्पर्म जातीच्या देवमाशाचे तेल त्यात मिसळत. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत त्यावर बंदी आली आणि रसायनशास्त्रज्ञांना पर्याय शोधावा लागला. कुणाच्या गाडीचा गिअर मऊ पडावा म्हणून समुद्रात एक देवमासा मरत होता, हे वाचून आम्ही काही वेळ पुस्तक मिटून बसलो.

या तेलाचा लाल रंग हा मुद्दाम घातलेला रंग आहे. इंजिनाचे तेल कोणते आणि हे कोणते ते ओळखू यावे म्हणून. लाल आहे म्हणजे चांगले आहे, असे त्यावरून ठरत नाही. तपकिरी झाले आणि जळका वास येऊ लागला, तर मात्र ते थकले आहे असे समजावे.

आता 'आयुष्यभराचे तेल' या शब्दाकडे येऊ. आमच्या पुस्तकात देखभालीची दोन कोष्टके होती. पहिल्यात, साधारण वापर असेल तर हे तेल बदलण्याची गरज नाही, असे होते. उलटून पुढच्या पानावर 'कठीण वापर' नावाचे दुसरे कोष्टक. त्यात ठरावीक अंतराने तेल बदला असे स्पष्ट लिहिलेले, आणि कठीण वापर कशाला म्हणायचे त्याची यादी : डोंगराळ रस्ता, धूळ, बत्तीस अंशांवरच्या तापमानात गर्दीतून चालवणे, वारंवार थोड्या अंतराच्या फेऱ्या. आमच्या अमरावती जिल्ह्यात मे महिन्यात पारा चव्वेचाळीसला टेकतो. त्या व्याख्येने बघितले तर सगळा विदर्भच दुसऱ्या कोष्टकात बसतो! उष्णता हाच तेलाचा शत्रू आहे. रसायनशास्त्रात एक ढोबळ नियम आहे, दर दहा अंश वाढले की अशा क्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणजे वीस अंश जास्त तापणारे तेल चौपट वेगाने म्हातारे होते. आयुष्यभराचे तेल, हे खरे. पण कोणाच्या आयुष्याचे, तेवढे विचारायचे राहून जाते.

आणि बदलले की गिअरबॉक्स मरतो, ही समजूत? ती अगदी निराधार नाही. बहुतेक लोक तेल बदलतात ते गिअरबॉक्स घसरू लागल्यावर, म्हणजे रोगी अत्यवस्थ झाल्यावर. मग तो गेला की दोष शेवटच्या औषधाला लागतो. शिवाय काही ठिकाणी मशीनच्या दाबाने सगळे तेल एकदम धुऊन काढतात. त्यात वर्षानुवर्षांचा बसलेला गाळ सुटून आतल्या बारीक झडपांत अडकू शकतो. आम्ही ठरवले की दाब नको, नुसते खालचे झाकण उघडून जेवढे आपोआप वाहील तेवढेच काढायचे.

एप्रिलच्या एका रविवारी अंगणात काम काढले. तेलाचे चार लिटर, नवा वॉशर, लांब नळीचे नरसाळे, स्वच्छ घमेले आणि पाण्याच्या एक लिटरच्या चार रिकाम्या बाटल्या. गाडी सिमेंटच्या कोब्यावर घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी उटी लावल्या, पुढची बाजू जॅकने उचलली आणि खाली दोन लोखंडी घोड्या ठेवल्या. हे आम्ही सविस्तर सांगतो, कारण इथे अनेक तरुण बसले आहेत. जॅक हा गाडी उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नसतो. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कुणीही, एका मिनिटासाठीही, डोके घालू नये. विटांच्या चवडीवर तर मुळीच विश्वास ठेवू नये, वीट न सांगता फुटते. तेल काढताना कोमट असावे, कढत नसावे.

आम्ही खाली सरकलो, पाना लावला आणि दादा वरून म्हणाले, "अरे थांब, तो इंजिनाचा तर नाही ना?" आम्ही थांबलो. तो इंजिनाचाच होता. घरी काम करणारे बरेच जण इथेच फसतात. इंजिनाचे तेल काढून टाकतात आणि नवे तेल गिअरबॉक्समध्ये ओततात. मग इंजिन कोरडे आणि गिअरबॉक्स दुप्पट भरलेला. पुस्तकातले चित्र पुन्हा पाहिले, बरोबर प्लग शोधला, आधी अर्धवट सैल करून दोन थेंब बोटावर घेतले. लालसर तपकिरी. मग पूर्ण उघडला.

तेल घमेल्यात पडत होते तेव्हा दोघेही बोलत नव्हतो. प्लगच्या टोकाला लोहचुंबक होते. त्यावर करड्या रंगाचे लोण्यासारखे किटण साचलेले. तेवढे झिजणे साहजिक असते. धातूचे कण बोटाला टोचले असते तर गोष्ट वेगळी होती. तसे काही नव्हते, आणि दादांच्या चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा रक्त दिसले. निघालेले तेल बाटल्यांत भरून मोजले : बरोबर तीन लिटर. प्लग नव्या वॉशरसह आधी हाताने, मग पान्याने घट्ट केला, गाडी खाली उतरवली आणि पट्टीच्या नळीतून, नरसाळ्याने, तीन लिटर नवे तेल ओतले. नावे तीन, जमा तीन. खाते जुळले. आम्ही हात धुतले आणि वहिनींनी केलेला चहा मोठ्या मानाने घेतला.

सोमवारी सकाळी आठ वाजता दादांचा फोन. गाडी घाटात, निम्म्या वाटेवर उभी होती. इंजिन ओरडते आहे, पुढे जात नाही. मागून आलेला जीपवाला दोर बांधून ओढायला तयार होता. दादांनी नाही म्हटले, आणि ते योग्यच होते. ऑटोमॅटिक गाडीचे इंजिन बंद असले की आतला पंप बंद असतो. अशा स्थितीत जोराची चाके रस्त्यावर फिरवत ओढली, तर आतले भाग तेलावाचून फिरतात. ओढायचीच तर ती चाके उचलून. दादा तासभर दगडावर बसून राहिले. गाडी निवली, मग खालच्या गिअरमध्ये हळूहळू घाट उतरून घरी आले. त्या दिवशी त्यांची शाळा बुडाली. आमच्यावर ते रागावले नाहीत, ते अधिक लागले.

आम्ही रजा टाकून परतवाडा गाठले. खाते जुळते आहे आणि तिजोरी जुळत नाही, अशी वेळ बँकेत येते तेव्हा अनुभवी माणूस दिवसाच्या नोंदी पुन्हा पुन्हा तपासत बसत नाही. तो आरंभीची शिलक पाहतो. जेवढे काढले तेवढे घातले, हे बरोबर. पण काढण्यापूर्वी होते ते पुरेसे होते का? आम्ही तपासले होते! पट्टी काढून पाहिली होती, खुणेवर तेल होते. मग पुस्तक पुन्हा उघडले आणि जी ओळ आम्ही घाईत ओलांडली होती ती सापडली.

इंजिनाचे तेल आपण इंजिन बंद करून पाहतो. ही सवय हातात बसलेली. आमच्या गाडीच्या गिअरबॉक्सचे तेल मात्र इंजिन चालू ठेवून पाहायचे असते. चालू असताना पंप ते तेल कन्व्हर्टरमध्ये आणि वाटावाटांत भरतो, आणि खाली उरते त्याची पातळी पट्टीवर दिसते. इंजिन बंद असताना त्यातले बरेच खाली परत येते, पट्टी भरलेली दिसते आणि माणूस फसतो. दुसरे असे की तेल तापले की फुगते. पन्नास अंशांच्या फरकाने सहा लिटरमागे सुमारे दोनशे मिलिलिटर. म्हणून पट्टीवर गारची खूण निराळी आणि गरमची निराळी असते. विश्वास गरमच्या खुणेवर ठेवायचा.

दहा-पंधरा मिनिटे गाडी सपाट रस्त्यावर फिरवून आणली. सपाट जागी उभी केली. हँडब्रेक ओढून, ब्रेक दाबून ठेवून दादांनी गिअरचा दांडा प्रत्येक खुणेवर दोन-तीन सेकंद थांबवत फिरवला आणि पुस्तकात सांगितलेल्या जागी परत आणला. इंजिन चालूच. आम्ही पट्टी काढली, धागे न सुटणाऱ्या फडक्याने पुसली, पूर्ण आत घालून पुन्हा काढली. गरमच्या खुणेवर तेल नव्हते. त्याच्या बरेच खाली, पट्टीच्या टोकाला जेमतेम लागलेले.

मग उलगडा झाला. आदल्या पावसाळ्यात सील बदलताना अ‍ॅक्सल बाहेर काढला होता. तो काढला की गिअरबॉक्समधले तेल सांडते. ठिबकून गेले ते निराळेच. त्याची भरपाई कोणीच केली नव्हती, आणि आम्ही जुनी तूट जशीच्या तशी नव्या तेलात पुढे ओढली. तेल कमी असले की पंप तेलाबरोबर हवा ओढतो. हवा दबते, म्हणून दाब टिकत नाही, चकत्या घट्ट धरत नाहीत, घसरतात, तापतात. चढावर गाडी मागे कलली की उरलेले तेलही एका बाजूला सरकते. दादांची गाडी नेमकी घाटात का थांबायची, हे तेव्हा कळले.

शंभर-शंभर मिलिलिटर घालत, दर वेळी दांडा फिरवून पट्टी पाहत गेलो. सहाशे मिलिलिटरला खूण गाठली. तिथेच थांबलो. जास्त भरले तरीही फिरणारे भाग तेल घुसळून फेस करतात आणि पुन्हा तोच रोग होतो. रिव्हर्स टाकला. गाडी लगेच मागे सरकली. दादांनी तो तीनदा टाकून पाहिला. "सहाशे मिली," ते म्हणाले, "आणि ते साठ हजार मागत होते." आम्ही म्हटले, दादा, आणखी काही दिवस असेच घाट चढला असतात, तर त्यांचे म्हणणे खरे झाले असते.

पुढचे थोडक्यात. आमच्या गाडीत एकूण तेल साधारण सहा लिटर, एका वेळी निघते तीन. बाकीचे कन्व्हर्टरमध्ये अडकून राहते. म्हणजे एकदा बदलले की निम्मे जुने उरते, दुसऱ्यांदा चौथा हिस्सा, तिसऱ्यांदा आठवा. घटत्या शिलकेचे हे गणित इथल्या बँकवाल्यांना सांगायला नको. आम्ही महिन्या-महिन्याच्या अंतराने असे तीनदा केले. तिसऱ्या वेळी निघालेले तेल बऱ्यापैकी लाल होते. आता ४०,००० किलोमीटरला एकदा बदलतो. हा आमचा हिशेब आहे, तुमच्या पुस्तकात वेगळा असेल.

कारण 'ऑटोमॅटिक' हा एक शब्द आता चार वेगळ्या यंत्रांना लावला जातो. २०१४ साली मारुतीची सेलेरिओ आली तेव्हापासून आपल्याकडे एएमटी स्वस्त गाड्यांत दिसू लागली. ती आतून साधा गिअरबॉक्सच असते, क्लच आणि गिअर तेवढे यंत्र हलवते. तिला हे लाल तेल घालायचे नाही. सीव्हीटीत पट्टा आणि कप्प्या असतात, तिचे तेल निराळे, आणि त्यात हे घातले तर ती बिघडते. दोन क्लचवाल्या डीसीटीचे आणखी निराळे. पातळी पाहण्याची रीतही एक नाही. होंडाच्या अनेक गाड्यांत इंजिन बंद केल्यावर दीडेक मिनिटाच्या आत पाहायचे असते. कित्येक नव्या गाड्यांत पट्टीच दिलेली नाही, तिथे तेलाचे तापमान मोजून एका भोकावरून पातळी ठरवतात. तशी गाडी असेल तर घरी अंदाजाने हात घालू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

राहता राहिले काढलेले तेल. आपल्याकडे जळके तेल दाराला, खांबाला वाळवी लागू नये म्हणून फासतात, नाहीतर नालीत ओततात. दोन्ही वाईट. गोठ्याच्या खांबाला फासले तर जनावर ते चाटते, नालीतले विहिरीपर्यंत जाते. २०१६ च्या केंद्र सरकारच्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. आम्ही ते बाटल्यांत बंद करून, पिंपात साठवून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्यांना देणाऱ्या एका गॅरेजवाल्याकडे पोहोचवले. त्याने एक पैसा दिला नाही आणि घेतलाही नाही.

दादा आजही त्याच गाडीने घाट चढतात. आज ते इथे आलेले आहेत, मागच्या रांगेत बसले आहेत. व्याख्यानानंतर गाडी बाहेर पिंपळाखाली सपाट जागेवर उभी राहील, इंजिन चालू असेल. ज्या विद्यार्थ्यांना पट्टी स्वतः काढून पाहायची आहे, त्यांनी यावे. फडके आम्ही आणले आहे.